डाळगिरणीतील उमेदवारी : कायदा व व्यवहार

लातूर व नांदेड या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी आपल्या उत्पादक कंपन्या काढून तुरीची डाळ करणे, सोयाबीनची प्रतवारी करणे इत्यादी धंदे हाती घेतले आहेत. शेतमालाचा धनी गिरणीचाही धनी होत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु गावातील शिकलेला मुलगा ‘काम शिकावयास’ म्हणून ठेवावा, वर्षभर त्याजकडून पोती उचलून घ्यावी आणि हातावर चहापाण्यापुरते पैसे ठेवावे, ही जुनी रीत मात्र सोडली पाहिजे. तीत मुलाचे वर्ष जाते, गिरणीस कारागीर मिळत नाही, आणि कायद्याचा आश्रयही राहत नाही.

याविषयीचा मुख्य कायदा १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम होय. त्याप्रमाणे उमेदवार हा शिकणारा आहे, मजूर नव्हे. मात्र ही सवलत नोंदलेल्या करारावर अवलंबून असते. करार नसता नुसते ‘उमेदवार’ म्हटल्याने भागत नाही. तो मजूर ठरून किमान वेतनाची मागणी उभी राहू शकते.

२०१९ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे ज्या धंद्यात ३० वा अधिक माणसे आहेत, त्याने शेकडा २.५ ते १५ उमेदवार घेणे बंधनकारक ठरले. ४ ते २९ माणसांच्या धंद्यास ते ऐच्छिक आहे. गणतीत कंत्राटी माणसेही धरावयाची असतात. उदाहरणार्थ, एकंदर ४० माणसे असल्यास किमान १ व कमाल ६ उमेदवार घेता येतील.

आता व्यवहार पाहू.

(१) वय १४ पुरे झालेले असावे. धोक्याच्या उद्योगात १८. गिरणीत फिरते पट्टे व यंत्रे असल्याने १८ च्या आतील मुलगा न घेणेच शहाणपणाचे, असे आमचे मत आहे. उमेदवार अज्ञान असल्यास करारावर पालकाची सही लागते.

(२) करार लेखी करून सरकारी उमेदवारी पोर्टलावर नोंदवावा.

(३) विद्यावेतन दरमहा द्यावे. पोत्यांच्या वा नगांच्या हिशेबाने देण्यास कायद्याची मनाई आहे. किमान दर शिक्षणानुसार ठरतात. करार करतेवेळी चालू दर पाहून घ्यावा.

(४) अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून जादा वेळ काम घेऊ नये. कामात इजा झाल्यास भरपाई धन्यावर येते.

(५) शिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवावी.

ही पाचवी बाब सर्वांत दुर्लक्षिली जाते. माल चाळणे, ओलावा मोजणे, रुळांवर टरफलास ओरखडे पाडणे, तेलपाणी देऊन वाळविणे, भरडणे, प्रतवारी आणि शेवटी हिशेब, असा क्रम आखून प्रत्येक कामास मुदत द्यावी आणि ते शिकविणारा कारागीर नेमावा. हमाली हमालाकडून घ्यावी.

मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन नाही, परंतु करारात तसे कबूल केले असल्यास शब्द पाळावा लागतो.

नव्या तुरीची आवक पौष-माघात वाढते. त्या गर्दीत शिकविण्यास कोणासही सवड नसते. यास्तव करार व क्रमपत्रक दिवाळीच्या सुमारास तयार ठेवावे, म्हणजे हंगाम सुरू होईतो उमेदवाराच्या हातास यंत्राची ओळख झालेली असेल.