जुन्या मोटारीची तेलगळती : आधी उगम शोधा, मग पाना उचला

व्यापारी व कारागीर बंधूंच्या दारात उभी असलेली मोटार बहुधा नवी कोरी नसते. वडिलांनी घेतलेली किंवा ओळखीच्या माणसाकडून जुनी विकत घेतलेली मारुती ८०० नाहीतर ओम्नी, हीच अनेक घरांची सवारी आहे. सकाळी मुलांना शाळेत सोडणे, दुपारी मालाची गाठोडी नेणे आणि वेळप्रसंगी आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवणे, ही सर्व कामे तीच करते. मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आलेली आणि पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेलेली गाडी २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे आज चालणाऱ्या या गाड्या वयस्कर आहेत. वय झाले की तेल गळू लागते. ते का गळते, त्यातले आपल्या हाताने काय थांबवता येते आणि कोणते काम मिस्त्रीवर सोडावे, याची माहिती या लेखात देत आहे.

गळतीचा हिशेब

दोन्ही गाड्यांत ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरचे छोटे इंजिन आहे. त्यात मावणारे तेल सुमारे तीन लिटर किंवा त्याहून थोडे कमी. नेमका आकडा आणि तेलाचा नंबर गाडीच्या पुस्तकात पाहावा. आता उभ्या गाडीखाली मिनिटाला एक थेंब पडतो असे धरा. दिवसाचे १४४० थेंब झाले. साधारण ३० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला ४८ मिलिलिटर आणि महिन्याला जवळजवळ दीड लिटर. म्हणजे ज्याला आपण 'एक थेंब तर आहे' म्हणतो तो महिन्याभरात इंजिनातले निम्मे तेल घेऊन जातो.

पैशाचे नुकसान हा त्यातला लहान भाग. तेल कमी झाले की बेअरिंग घासतात आणि इंजिन जाम होते. तेल गरम सायलेन्सरच्या पाईपवर पडले तर धूर होतो, प्रसंगी आगही लागते. टायमिंगच्या रबरी पट्ट्यावर पडले तर पट्टा खराब होतो. क्लच प्लेटवर गेले तर चढावर गाडी ओढत नाही. ज्या गाडीत घरची माणसे बसतात तिच्या बाबतीत ही बेफिकिरी परवडणारी नाही.

गळते कशामुळे?

इंजिन अनेक तुकडे जोडून बनते. प्रत्येक सांध्यात रबर, कागद किंवा बुचासारख्या मालाचे पॅकिंग असते आणि फिरत्या दांड्यांवर रबरी ऑईल सील असते. वर्षानुवर्षे उष्णता सोसून हे रबर कडक होते, आकसते, तडकते. लवचिकपणा गेला की सांधा सुटतो. याचा अर्थ असा की बहुतेक गळती इंजिन संपल्याची खूण नसून स्वस्त पॅकिंग संपल्याची खूण असते.

दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. इंजिनच्या पोटात दाब तयार होतो. तो बाहेर काढण्यासाठी टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरकडे एक रबरी पाईप जातो, त्याला ब्रीदर म्हणतात. हा पाईप किंवा त्यातली वाट मळीने तुंबली की दाब दुसरीकडून वाट काढतो आणि चांगल्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकलतो. म्हणून नवे पॅकिंग घालण्यापूर्वी ब्रीदर काढून साफ करावा. यात खर्च काहीच नाही.

उगम कसा शोधावा?

कोऱ्या कापडावर तेलाचा डाग आला तर जाणकार माणूस आधी तो कोणत्या लूमवरून आला ते विचारतो. डाग धुऊन टाकला आणि लूम तसाच ठेवला, तर पुढच्या थानावर डाग येणारच. मोटारीचेही तसेच आहे. तेल जिथे टपकते तिथून ते निघालेले नसते. ते वरून खाली उतरते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकते. म्हणून नियम असा : जी ओली जागा सर्वांत वर आणि सर्वांत पुढे, तिच्यावर पहिला संशय घ्यावा.

शोध घेण्याची रीत पुढीलप्रमाणे :

१) इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. डिस्ट्रिब्युटर, ज्याला मिस्त्री लोक डेल्को म्हणतात, तो आणि कॉईल प्लॅस्टिकने झाकावी.

२) बाजारात मिळणारा डिग्रीझर लावून ब्रशने मळी काढावी. पेट्रोल मुळीच वापरू नये. पुसायला सुती चिंधी घ्यावी, होजिअरीचा जुना बनियन सर्वांत चांगला. पॉलिस्टरचा तुकडा गरम भागाला लागला तर वितळून चिकटतो.

३) इंजिन कोरडे झाल्यावर संशयाच्या जागांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरावी. गाडी १०-१५ किलोमीटर चालवून आणावी आणि टॉर्च लावून पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट रेघेसारखी दिसते.

४) रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरावा आणि चाकांच्या जागा त्यावर खुणेने लिहाव्यात. सकाळी डाग नेमका कशाखाली आहे ते कळते. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे सीट उचलून वरूनही पाहावे.

डागाचा रंग व वासही तपासावा. तपकिरी किंवा काळे ते इंजिन ऑईल. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असलेले ते गिअर ऑईल. रंगीत आणि पाण्यासारखे पातळ ते रेडिएटरचे कूलंट. चाकाजवळ पातळ, पिवळसर द्रव दिसला तर तो ब्रेक ऑईल असू शकतो. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत हलवू नये. ए.सी.खालचे स्वच्छ पाणी मात्र निर्धोक आहे.

घरी करता येणारी कामे

ड्रेन नटचा वायसर : तेल बदलताना जुनाच वायसर पुन्हा लावला की तिथे ओल येते. दर वेळी नवा घालावा. नट अंगातल्या ताकदीने आवळू नये. चेंबरचे आटे गेले तर खर्च वाढतो.

ऑईल फिल्टर : नवा फिल्टर लावताना जुन्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना ते पाहावे. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर तेल धारेने येते. नव्या रिंगेला बोटाने थोडे तेल लावून फिल्टर हातानेच आवळावा.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग : सर्वांत जास्त गळती इथूनच होते. बोल्ट काढून कव्हर उचलावे, जुने पॅकिंग पूर्ण खरवडावे, दोन्ही पृष्ठभाग कोरडे करावेत आणि नवे पॅकिंग बसवावे. खरवडताना कचरा आत पडू देऊ नये. बोल्ट आधी बोटांनी लावावेत, मग मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळावेत. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, उलट पॅकिंग चिरडते.

ऑईल प्रेशरचा स्विच : डॅशबोर्डावरचा तांबडा दिवा याच्याशी जोडलेला असतो. जुन्या स्विचच्या अंगातूनच तेल झिरपते. तो बदलणे सोपे आहे.

डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग : कार्बोरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला बसतो आणि त्याच्या मुळाशी एक लहान रबरी रिंग असते. तो सैल करण्यापूर्वी त्याच्या बुडावर आणि हेडवर मिळून एक सरळ रेघ ओढावी आणि आतील रोटरचे तोंड कोठे आहे तेही टिपून ठेवावे. बसवताना दोन्ही खुणा जुळवाव्यात, नाहीतर टायमिंग बिघडते.

या शेवटच्या कामाकडे विशेष लक्ष द्यावे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली तेल दिसले की 'मागचे सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल' असे सांगितले जाते. ते कधी खरे असते. पण टॅपेट कव्हर आणि डिस्ट्रिब्युटर यांचे तेलही खाली उतरून त्याच जागी जमते. तेव्हा हजारोंच्या मजुरीला होकार देण्यापूर्वी पावडरची परीक्षा जरूर करावी. मोठ्या खर्चाचा निर्णय नुसत्या तोंडी अंदाजावर घेऊ नये, मग तो माल खरेदीचा असो की गॅरेजचा.

मिस्त्रीवर सोडायची कामे

टायमिंग पट्ट्यामागची क्रँक व कॅमची सील, गिअरबॉक्सकडील मागचे सील, हेड गॅस्केट आणि ऑईल पंप ही कामे जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावीत. पट्टा उतरवलाच आहे तर त्यामागची सर्व सील आणि पट्टाही एकदमच बदलावा, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही.

इंजिन चालू असताना तेलाचे झाकण जपून सैल करून पाहावे. भपभप धूर येत असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा दाट संशय आहे. मग कितीही पॅकिंग बदलली तरी गुण येत नाही.

गळती बंद करणारे औषध म्हणून काही बाटल्या मिळतात. त्या रबर तात्पुरते मऊ करतात, तडकलेले सील जोडत नाहीत. सिलिकॉन पेस्टही बेताने लावावी. जास्तीची पेस्ट आत सुटून तेलाच्या जाळीत अडकते आणि इंजिनला तेल मिळेनासे होते.

खबरदारी

टायर बदलण्याच्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. पक्की जमीन, चाकांना अडसर आणि वजन पेलणारे स्टँड असतील तरच खाली जावे. हे नसेल तर ते काम गॅरेजात करावे. माणसाच्या जिवापुढे मजुरीची बचत कवडीमोल आहे.

पेट्रोलची गळती ही वेगळी आणि जास्त धोक्याची बाब आहे. २०२५ मध्ये देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. जुन्या गाड्यांतले काही रबर त्यासाठी बनवलेले नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी पेट्रोलचे रबरी पाईप वाकवून पाहावेत. चीर, फुगवटा किंवा वास आढळला तर लगेच बदलावेत.

काढलेले काळे तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात भरून, जे गॅरेज असे तेल गोळा करून रीतसर पुढे देते तिथे द्यावे.

पॅकिंग व सील पक्क्या बिलावर घ्यावे. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड ही सुट्या भागांची मोठी ठिकाणे आहेत. कापड जसे आपण चिमटीत धरून पाहतो, तसे रबरही बोटांनी वाकवून पाहावे. वाकताच पांढरी रेघ उमटली किंवा तडा दिसला तर तो माल घेऊ नये.

वही ठेवा

दुकानाला जशी वही, तशी गाडीलाही एक लहान वही असावी. तारीख, किलोमीटर, डिपस्टिकवरील तेलाची पातळी आणि घातलेले तेल, एवढे चार रकाने पुरेत. पातळी आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, सपाट जागी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेपलीकडे तेल भरणेही नुकसानीचे आहे. तांबड्या दिव्याच्या भरवशावर राहू नये. तो तेलाचा दाब पडल्यावर लागतो, पातळी थोडी उतरल्यावर नाही. चालत्या गाडीत तो लागला तर बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे.

पुढे गाडी विकायची वेळ आली तर हीच वही गिऱ्हाइकापुढे ठेवावी. गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन धुऊन गळती झाकणे म्हणजे फाटका पट्टा आत दुमडून थान विकण्यासारखेच आहे. मालातला ऐब सांगून विकणे ही आपल्यावर जिम्मेदारी आहे आणि लपवलेल्या ऐबाबद्दल माल परत करण्याचा हक्क शरीअतने खरेदीदाराला दिला आहे. ज्याने उगम शोधून, वेळेवर पॅकिंग बदलून हिशेब लिहून ठेवला, त्याला लपवण्यासारखे काही उरतही नाही.

येत्या सुटीच्या दिवशी एवढेच करावे : गाडीखाली एक पुठ्ठा अंथरावा, डिपस्टिक पाहावी आणि वहीत पहिली ओळ लिहावी.