घाबरलेले भटके कुत्रे घरात आणल्यावर

मागच्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळच्या पावसात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, भाजीच्या हातगाडीखाली, सात-आठ महिन्यांची एक कुत्री अंग चोरून बसली होती. मागचा पाय लंगडत होता, कानाच्या कडेला गोचीड चिकटलेले. पोरांनी हट्ट धरला आणि आम्ही तिला गोणपाटात गुंडाळून घरात आणले. नाव ठेवले राणी. दूध-पाव पुढे केला, गल्लीतली आठ-दहा पोरे दाराशी जमली, कोणी डोक्यावरून हात फिरवतोय, कोणी मोबाईलवर फोटो काढतोय. राणी खाटेखाली शिरली ती बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नऊ वर्षांच्या पुतण्याने लाडाने तिचा पुढचा पाय धरून तिला ओढले आणि ती त्याच्या हाताला चावली. रक्त आले.

चूक राणीची नव्हती, पोराचीही नव्हती. घरातल्या मोठ्यांची होती. ती कशी टाळता आली असती आणि चावल्यानंतर काय करावे, हे दोन्ही या वेळी सांगतो, कारण पावसाळ्यात पुष्कळ घरांत असे पिल्लू किंवा मोठे कुत्रे येते.

आधी चावण्याचे बघू. त्याला वेळ लावून चालत नाही.

शेजारच्या आजी धावत आल्या, हातात तिखटाचा डबा. जुन्या लोकांचा समज असा की जखमेत तिखट, हळद किंवा चुना भरला की विष मरते. आजींचा जीव पोरावर, पण हा उपाय घातक आहे. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत येतो आणि तिथून मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातो. जखम चोळली, तिखट भरले, की आतली त्वचा आणखी फाटते आणि विषाणूला वाट मोकळी होते. करायचे ते अगदी साधे आहे: अंगाचा किंवा कपड्याचा, जो हाती लागेल तो साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पूर्ण 15 मिनिटे धुवायची. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी तासभरच येते. त्या वेळी नळ गेला होता, म्हणून पिंपातले पाणी तांब्याने ओतत राहिलो. घड्याळ समोर ठेवा. पंधरा मिनिटे फार लांब वाटतात आणि माणूस पाचव्या मिनिटाला थांबतो. नंतर घरात असेल ते जंतुनाशक लावा. पट्टी घट्ट बांधू नका, आणि टाके घालण्याची घाई कोणालाही करू देऊ नका.

त्यानंतर त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जायचे. तिथे ही लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती अजून आपल्या वस्त्यांमध्ये आहे आणि त्या भीतीने लोक जात नाहीत. ती जुनी लस आपल्या देशात बंद होऊन वीसेक वर्षे झाली. आताची लस दंडावर देतात. त्वचेत देत असतील तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत देत असतील तर चौदाव्या दिवशी आणखी एक. नुसते ओरखडे असतील, रक्त नसेल, तरी लस लागते. रक्त आले असेल किंवा आधीच्या उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटले असेल, तर लसीबरोबर जखमेच्या आजूबाजूला सीरम टोचावे लागते. ते तिथे नसेल तर कुठे मिळेल ते डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी तिकडे जा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी घेतलेली लस मात्र वाचवते.

पुतण्याला पहिली सुई टोचून घरी आलो तोवर गल्लीत ठरले होते की राणीला नाल्यापलीकडे सोडून यायचे. असे करू नका, आणि तेही फक्त कुत्र्याच्या दयेपोटी नाही. चावलेले कुत्रे डोळ्यासमोर असेल तर त्याच्यावर 10 दिवस लक्ष ठेवता येते. ज्या कुत्र्याच्या लाळेत चावताना विषाणू होता, ते साधारण एवढ्या दिवसांत आजारी पडून मरते. दहा दिवसांनीही खात-पीत, नेहमीसारखे असेल, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही असे डॉक्टर सांगू शकतात. सोडून दिले की हा पुरावाच हातातून जातो. पण या दहा दिवसांची वाट बघत लस लांबवू नका. लस आधी, लक्ष ठेवणे बरोबरीने. आणि राहिलेले डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचे नाहीत.

आता कुत्र्याकडे वळू.

रस्त्यावरच्या कुत्र्याला माणसाच्या हाताची ओळख दगड आणि काठीतून झालेली असते. वरून येणारा हात त्याला मायेचा वाटत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत त्याला पळायला जागा नसते, म्हणून ते आधी लपते, मग गुरगुरते, आणि तेही कोणी ऐकले नाही तर चावते. चावण्याआधी ते बरेच सांगत असते. शेपूट पोटाखाली जाते, कान मागे पडतात. झोप नसताना जांभया देते, अन्न समोर नसताना ओठ चाटते, तोंड फिरवते, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो. सगळ्यात धोक्याची खूण म्हणजे एकदम ताठ, निश्चल होणे. ते शांत झाले असे आपल्याला वाटते, आणि पुढच्या क्षणी दात लागतो. गुरगुरल्यावर मारू नका, ओरडू नका. मार खाल्लेले कुत्रे गुरगुरणे सोडते, चावणे सोडत नाही. तेव्हा मागे सरका.

पहिले दोन-तीन दिवस त्याला फक्त एक कोपरा द्या. आम्ही नंतर खाटेखालची भिंतीकडची जागा ठरवली: एका बाजूला पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या बाजूला पाण्याचे पिंप, खाली गोणपाट, समोर जुने लुगडे अर्धे सोडलेले. पाण्याचे भांडे तिथेच. नियम एकच, राणी आत असताना तिथे कोणी हात घालायचा नाही. पाहुणे नाहीत, फोटो नाहीत. लहान खोलीत हे कठीण आहे हे आम्हाला ठाऊक आहे. स्वयंपाक, अभ्यास, झोप, सगळे तिथेच. पण कुत्र्याला गडबडीची सवय होते. त्याला हवी असते ती एक जागा, जिथून कोणी ओढणार नाही.

ओळख करायची तर घरातल्या एकाच मोठ्या माणसाने करावी. जमिनीवर बसा, कुत्र्याकडे पाठ किंवा खांदा करून, डोळ्याला डोळा न लावता. भाजी निवडा, काही वाचा. मधून मधून भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा थोडा लांब टाका. ते येऊन वास घेईल, परत जाईल. घेऊ द्या. राणी चौथ्या दिवशी गुडघ्यापर्यंत आली आणि सातव्या दिवशी हनुवटीखाली खाजवू दिले. डोक्यावर हात तिने महिनाभर ठेवू दिला नाही, आणि आम्हीही ठेवला नाही. काही कुत्र्यांना याहून जास्त वेळ लागतो.

खाणे साधे ठेवा. भात आणि त्यात उकडलेल्या कोंबडीच्या पायांचे किंवा डोक्यांचे पाणी-मांस, हाडे काढून. कधी अंडे, कधी भाकरी-ताक. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण घातलेले कालवण घालू नका, त्याने कुत्र्याचे रक्त खराब होते. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट तर मुळीच नको. शिजलेले हाड फुटून आतड्यात टोचते. उपाशी जनावराला एकदम पोटभर घातले की ओकते किंवा जुलाब होतात. दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्या. दुधानेही पुष्कळांचे पोट बिघडते, आमच्या पहिल्या रात्रीच्या दूध-पावाने तेच झाले. नवीन कुत्रे एखादा दिवस खात नाही, ते भीतीने. पण दिवसभर पाणीही न प्यायले, किंवा लहान पिल्लू खाईना, तर डॉक्टरांकडे न्या.

आपल्या डब्यातली ताप-दुखीची गोळी कुत्र्याला कधी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांनी कुत्रे मरू शकते. गोचीड काढायला रॉकेल किंवा जळके तेल लावू नका, जखमेत किडे पडले म्हणून फिनाईल ओतू नका. कुत्रे अंग चाटते आणि ते सगळे पोटात जाते. पहिल्या आठवड्यात आंघोळही नको. घाबरलेल्या कुत्र्याला बळजबरीने पाण्यात धरले की चार दिवसांची ओळख पुसली जाते.

दवाखान्यात मात्र पहिल्या आठवड्यातच जायला हवे. तालुक्याच्या ठिकाणी शासनाचा पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, ज्याला सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. जाताना तोंडाला सैलसर कापडी पट्टी बांधून न्या. वजन करून जंताचे आणि गोचिडाचे औषध घ्या. जंताचे औषध मुलांसाठीही आहे असे समजा. कुत्र्याच्या विष्ठेतले जंत मातीतून आणि हातातून मुलांच्या पोटात जातात. म्हणून घाण त्याच वेळी कागदाने उचलावी आणि मुलांनी जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. घरात एकाच वेळी दोघा-तिघांना खाज सुटली तर कुत्र्याची खरूज तपासून घ्या. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयानंतर देतात, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि पुढे दरवर्षी. कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा म्हणजे हरवणार नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. लस दिली तरी, ते रस्त्यावर असताना आधीच चावले गेले असेल तर आजार आठवड्यांनी, महिन्यांनीही उमटू शकतो. आवाज बदलला, लाळ गळू लागली, खालचा जबडा लोंबला, चाल लटपटली, तर घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालू नका. पुष्कळ माणसे असाच हात घालून बसली आहेत. दार लावून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा.

पहिले पंधरा दिवस पट्टा सोडू नका. घाबरलेले कुत्रे पळते ते याच दिवसांत, आणि गळ्यातला पट्टा कान मागे करून सहज निसटते. छाती-पोटाला येणारा पट्टा बरा. जड साखळी नको. दिवाळीचे फटाके, लग्नाची वरात, आणि आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे, हे तिन्ही त्याला सारखेच. त्या रात्री आधी फिरवून आणा, दार-खिडकी लावा, आणि कोणीतरी एक जण घरी थांबा. आम्ही पाळी लावली आहे. नसबंदीचे पालिकेत विचारा. शस्त्रक्रिया झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच असते, ती आधी बघून घ्या.

मुलांना दोनच गोष्टी सांगा. कुत्रे खात असताना, झोपले असताना आणि त्याच्या कोपऱ्यात असताना जवळ जायचे नाही. आणि दात किंवा नख लागले तर त्याच क्षणी घरी सांगायचे. पुष्कळ पोरे मार बसेल म्हणून लपवतात, म्हणून सांगणाऱ्या पोराला रागावायचे नाही हे मोठ्यांनी आधी कबूल करावे. आमच्या पुतण्याने हात पाठीमागे धरला होता. फरशीवरचा रक्ताचा थेंब वहिनींना दिसला म्हणून कळले.

त्याचा अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस झाला त्या दिवशी राणी दवाखान्याच्या वाटेवर गल्लीच्या तोंडापर्यंत त्याच्यामागे आली आणि हातगाडीपाशी थांबली.