शस्त्रक्रियेनंतर मुलाला घरी नेताना

प्रश्न : धुळ्यात मुलाची हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन त्याच दिवशी सुटी मिळणार असल्यास साक्रीला परतण्याची सोय कशी करावी?

उत्तर : धुळे ते साक्री अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. मूल नीट जागे झाले, उलट्या नसल्या आणि दुखणे आटोक्यात असले, की डॉक्टर सुटी देतात. तरी भुलीची गुंगी २४ तासांपर्यंत राहू शकते. म्हणून दुचाकी टाळून चारचाकी आधीच ठरवावी. चालकाखेरीज एका मोठ्या माणसाने मुलाशेजारी बसावे. झोपलेल्या मुलाची हनुवटी छातीवर टेकू देऊ नये. त्याने श्वास अडतो. पाणी, उलटीसाठी पिशवी आणि रुग्णालयाचा फोन क्रमांक जवळ ठेवावा. श्वासाला त्रास झाल्यास, रक्तस्राव न थांबल्यास किंवा उठवूनही मूल न उठल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.