कागदात नसलेला स्वल्पविराम

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, “हा स्वल्पविराम मूळ कागदात आहे का?”

प्रबंध पेशवेकालीन महसुलावर होता. त्या काळच्या मोडीत स्वल्पविराम नव्हताच. शब्दही सुटे लिहीत नसत. तो मी घातला होता. ओळ साधारण अशी होती: ‘ऐवज पावला नाही म्हणोन लिहिले’. रक्कम मिळाली नाही असे कळवले, हा तिचा सरळ अर्थ. लिप्यंतर करताना मी ‘पावला’पुढे स्वल्पविराम दिला आणि अर्थ फिरला: रक्कम मिळाली, पण ‘नाही’ म्हणून कळवले. एवढ्यावर एका कमाविसदाराला, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला, लबाड ठरवून मी दीड पान लिहिले होते. मनात काही खोट नव्हती. वाचताना जिथे दम घेतला तिथे चिन्ह पडले, आणि वर्षभराने तेच मला पुरावा वाटू लागले.

मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर कँडी यांना देतात. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. त्याआधीचे कारकून गोंधळात लिहीत होते, असे मात्र मुळीच नाही. त्यांचे ‘म्हणोन’ दुसऱ्याचे बोलणे संपल्याचे सांगते. ‘ऐसियास’ आले की समोरच्याच्या पत्रातला मजकूर संपला, आता उत्तर सुरू. आपण जे काम अवतरणचिन्हांकडून करून घेतो, ते हे शब्द करत. मला ही खूण कळत असती, तर ‘नाही’ला ‘पावला’पासून तोडण्याआधी मी निदान थांबले असते.

म्हणून मोडी कागदांवर काम करणाऱ्यांना सांगते: ओळ आधी चिन्हांशिवाय, जशी आहे तशी द्या. आपले चिन्ह घालायचेच असेल तर चौकटी कंसात घाला आणि प्रस्तावनेत तसे नोंदवा. दोन अर्थ निघत असतील तर दोन्ही लिहा.

त्याच प्रबंधात दुसरी चूकही निघाली. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना काही अवतरणचिन्हे गळाली होती. एका अभ्यासकाची चार वाक्ये आणि माझी दोन एकाच परिच्छेदात मिसळली. तळटीप होती, पण कोणाचे कुठे संपले ते दिसत नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनुसार दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांवर गेले की कारवाई सुरू होते. ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर त्या मोजणीत धरत नाहीत. पण तो उद्धृत आहे हे पानावर दिसायला तर हवे! फाँट बदलल्यावर प्रत्येक उघडणाऱ्या चिन्हाचा जोडीदार बोट ठेवून शोधा. कंटाळवाणे काम आहे, मला दोन दिवस लागले. पण ते टंकलेखकावर सोडू नका.

सराव कसा करावा, असे विद्यार्थी विचारतात. व्याकरणाच्या पुस्तकातली यादी पाठ करून मला तरी काही आले नाही. मी अजूनही आपलेच एक पान घेते, त्यातली सगळी चिन्हे पुसते आणि आठवडाभराने ती नव्याने घालते. जिथे हात अडतो, तिथे बहुतेक वेळा वाक्यच बिघडलेले असते. मग स्वल्पविराम शोधत न बसता वाक्य मोडून दोन करते. अर्धविरामाचीही भीती बाळगू नका. दोन विधाने एकमेकांना धरून असतील, तर पूर्णविरामाने ती दूर जातात.

वर्गात आता मी ती ओळ फळ्यावर चिन्हाविना लिहिते आणि मुलांना चिन्हे घालायला सांगते. दरवर्षी कोणीतरी ‘पावला’पुढे थांबतेच. तेव्हा मी त्याला परीक्षकांनी मला विचारलेला प्रश्न विचारते, आणि मोडीतल्या मूळ पानाची छायाप्रत त्याच्या हाती देते.