समाजशास्त्राचा पहिला धडा घरातच



बारावीनंतर तुमच्यापैकी काही जण महाविद्यालयात समाजशास्त्र हा विषय घेतील. "त्यात शिकायचे काय? समाज तर आपण रोजच पाहतो," असे पालक म्हणतात. रोज दिसते त्याचे कारण विचारणे, हेच या शास्त्राचे काम.

आपल्या शेजारच्या महू येथे १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. वय २५ वर्षे. जात टिकते कशाने, हा त्यांचा प्रश्न होता. लग्न जातीतच करायचे या नियमाने, हे त्यांचे उत्तर. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा संबंधही त्यांनी याच नियमाशी जोडला.

तुम्हीही सुट्टीत आजीजवळ बसा. घरातील तीन पिढ्यांची लग्ने वहीत लिहा : कोणत्या वयात, कोणत्या गावी, कोणत्या जातीत झाली, कोणी ठरवली? काय बदलले, काय तसेच राहिले? चूक की बरोबर हे लगेच ठरवू नका, आधी नीट नोंद करा. काही उत्तरे आम्हा मोठ्यांना अवघड वाटतील. तरीही विचारा. पालकांनी मुलांना अडवू नये, ही विनंती.