विश्वस्त नेमण्याआधी

रत्नागिरी

चि. भाचीस,

मृत्युपत्राचे पहिले काम तुझ्याकडे आले, आनंद झाला. पक्षकारांचे घर आणि हापूसची बाग इथे, सदनिका बंगळुरात, मुले परदेशी; म्हणून त्यांना परराज्यातली बँक एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी) आणि पुढे विश्वस्त म्हणून हवी आहे. नेमता येईल, पण केवळ बँकेच्या मोठ्या नावावर विसंबून मसुदा करू नकोस.

बँकिंग हा केंद्राचा विषय. बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम ६ नुसार बँकेला मिळकतीची व्यवस्था एक्झिक्युटर किंवा विश्वस्त या नात्याने पाहता येते. मुख्य कचेरी कोणत्या राज्यात आहे, याने फरक पडत नाही. मात्र प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळणे ही निराळी गोष्ट. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चे कलम २२३ नीट वाच. राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या नियमांतल्या अटी पुऱ्या करणाऱ्या कंपनीलाच प्रोबेट देता येते. त्या अटी आपण पुऱ्या करतो, हे बँकेकडून लेखी घे. काम बँकेची उपकंपनी करणार असेल, तर ती कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. तिचे अधिकार तिच्या स्वतःच्या कागदपत्रांत तपास. शिवाय पर्यायी एक्झिक्युटर म्हणून घरचे एक जबाबदार माणूस मृत्युपत्रात लिहून ठेव.

दुसरा प्रश्न हद्दीचा. जिल्हा न्यायालयाचे प्रोबेट महाराष्ट्रभर चालते. राज्याबाहेरची मिळकत दहा हजार रुपयांवर असेल, तर उत्तराधिकार कायद्याच्या कलम २७३ प्रमाणे ते तिथे पुरत नाही. उच्च न्यायालयाचे लागते. बंगळुरातल्या सदनिकेमुळे इथे तोच मार्ग धरावा लागेल. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचला जोडला आहे, तेव्हा अर्ज कुठे दाखल करायचा ते रजिस्ट्रीत आधीच विचारून घे.

बागेबाबत विशेष जप. कुळकायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन जाण्यावर बंधन घालते. विश्वस्तव्यवस्थेत मालकी विश्वस्ताच्या नावे जाते आणि बँक काही शेतकरी नव्हे. हा प्रश्न सोडवल्याशिवाय बाग त्या व्यवस्थेत घालू नकोस.

मग कर्तव्ये. प्रोबेटनंतर एक्झिक्युटरला सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षात हिशेब न्यायालयात द्यावा लागतो. भारतीय विश्वस्त कायदा, १८८२ प्रमाणे शहाण्या माणसाने स्वतःची मालमत्ता सांभाळावी तशी विश्वस्ताने ती सांभाळायची, आणि तिच्यातून स्वतःचा फायदा काढायचा नाही. दस्तात तरतूद नसेल, तर त्याला मेहनतानाही सहसा मागता येत नाही. म्हणून बँकेचे शुल्क किती, ते कशातून घ्यायचे आणि पैसा कुठे गुंतवायचा, हे स्पष्ट लिही. बँक आपल्याच ठेवीत पैसा ठेवणार असेल, तर तेही पक्षकारांना उघड सांग.

मृत्युपत्र अमलात येते तेव्हा ते करणारा खुलासा करायला नसतो. पक्षकार समोर आहेत तोवर प्रत्येक शंका विचारून घे, उत्तर कागदावर उतरव आणि मगच सही घे.

तुझा,
मामा