त्रिलोक गुर्टू : बोलांकडून ड्रमकडे

(तृतीय वर्ष कला)

‘ड्रम’ हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलनातला ऑर्केस्ट्रा उभा राहतो. व्यासपीठाच्या मागच्या बाजूला, चकाकणाऱ्या थाळ्यांच्या आड बसून दोन काठ्या फिरवणारा तरुण दिसू लागतो. वडीलधाऱ्यांना तो गोंगाट वाटतो. आम्हां विद्यार्थ्यांना तेच खरे संगीत वाटते. आणि त्याच सभागृहात मागच्या बाकावर, आदल्या रात्री डबलबारीत पहाटेपर्यंत पखवाज वाजवून आलेला आपलाच एखादा वर्गमित्र गप्प बसलेला असतो. आपल्याला पखवाज येतो हे सांगायला तो लाजतो. मी स्वतः असा लाजलो आहे, म्हणूनच हा विषय अभ्यासासाठी घेतला.

पखवाज आणि ड्रम यांच्यात खरोखरच वैर आहे काय? एकाकडे गेलेल्याने दुसऱ्याला सोडलेच पाहिजे काय? या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते. मुंबईत जन्मलेले, बेळगावशी आईकडून नाते असलेले आणि युरोप-अमेरिकेत नावाजलेले तालवादक त्रिलोक गुर्टू हे ते गृहस्थ होत.

एका माणसाचे चार हात

प्रथम वाद्याविषयी थोडे. आज आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो ते एक वाद्य नसून अनेक वाद्यांचा संसार आहे. लष्करी बँडमध्ये मोठा ढोल एक जण वाजवी, लहान ताशासारखा स्नेअर दुसरा वाजवी आणि झांजा तिसरा वाजवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी अमेरिकेतील नाचगाण्याच्या छोट्या वाद्यवृंदांना इतकी माणसे परवडेनात, जागाही पुरेना. तेव्हा ही सारी वाद्ये एकाच माणसाभोवती मांडली गेली. १९०९ साली लुडविग यांनी मोठा ढोल पायाने वाजवण्याचे सुटसुटीत पेडल काढले आणि वादकाचे दोन्ही हात मोकळे झाले. उजवा पाय मोठ्या ढोलावर, डावा पाय उघडझाप करणाऱ्या झांजांवर आणि हात उरलेल्या सगळ्यावर, अशी ही वाटणी आहे. चार अवयवांनी चार वेगळी कामे करायची आणि तरीही लय एकच ठेवायची, हे ड्रमवादनाचे मर्म होय.

आपल्या भागाला ही कल्पना अगदीच नवी नाही. गोव्याचे खाप्रूमामा पर्वतकर (निधन १९५३) हे ‘लयभास्कर’ म्हणून ओळखले जात. दोन हात, दोन पाय आणि तोंड यांनी ते एकाच वेळी निरनिराळे ताल धरीत आणि सगळे बरोबर समेवर आणीत, असे जाणकार सांगत आले आहेत. त्यांच्यासमोर ड्रमसेट नव्हता. पण ड्रमसेटला जी बुद्धी लागते ती त्यांच्यापाशी होती.

इंग्लंडमधील रॉक संगीताने १९६० नंतर हे वाद्य जगभर नेले. बीटल्सचे रिंगो स्टार (जन्म १९४०) आणि रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स (१९४१–२०२१) ही त्यातली दोन मोठी नावे. वॉट्स १९६३ मध्ये त्या चमूत आले आणि मृत्यूपर्यंत त्यातच राहिले. या दोघांची कीर्ती आतषबाजीमुळे झालेली नाही. गाणाऱ्याला पायाखाली पक्की जमीन देणे हा त्यांचा गुण. आपल्याकडे यालाच ‘ठेका धरणे’ म्हणतात. ज्याला ठेका धरता येत नाही त्याने तुकडे वाजवू नयेत, हे आपल्या भजनी बुवांचे मत त्या दोघांनाही मान्य झाले असते.

आईच्या गाण्यामागे

त्रिलोक गुर्टू यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या मातोश्री म्हणजे ठुमरी-दादऱ्याच्या विख्यात गायिका शोभा गुर्टू. शोभाताईंचा जन्म १९२५ मध्ये बेळगावचा. माहेरचे नाव भानुमती शिरोडकर. (हे आडनाव आपल्या किनाऱ्याला परके नाही.) त्यांच्या आई मेनकाबाई नर्तकी होत्या आणि अल्लादियाखाँ यांच्या परंपरेतले गाणेही शिकलेल्या होत्या. शोभाताईंना पुढे अल्लादियाखाँचे चिरंजीव भुर्जीखाँ यांची तालीम मिळाली. ठुमरीचा रंग घम्मनखाँ यांच्याकडून आला. १९८७ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००२ मध्ये पद्मभूषण मिळाले. २००४ मध्ये त्या निवर्तल्या.

अशा घरात मूल लहानपणीच तबल्याकडे वळले, यात नवल नाही. त्रिलोक यांनी शाह अब्दुल करीम यांच्याकडे तबल्याचे शिक्षण घेतले. परंतु गुरूइतकेच महत्त्वाचे होते ते घरातले वातावरण. ठुमरीची साथ ही तबलजीची कठीण परीक्षा असते. गायिका एकेक शब्द उलगडून दाखवीत असते आणि तबला दीपचंदीच्या चौदा मात्रांत मागे मागे, संथ चालत असतो. गायिकेने श्वास घेतला तर तो त्यालाही ऐकू यावा लागतो. मग शेवटी लग्गीची वेळ येते. गायिका मुखड्यावर स्थिरावते आणि इतका वेळ दबून राहिलेला तबला थोडा वेळ मोकळा उधळतो. ती थोडीशी मोकळीक आधीच्या सगळ्या संयमाची कमाई असते. त्रिलोक यांचे पुढचे वादन ऐकताना मला नेहमी ही लग्गी आठवते. त्यांचा वेग अचाट आहे, पण तो कमावलेल्या शांततेतून येतो.

एक फलदायी गैरसमज

तरुणपणी पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांच्या कानी पडल्या आणि ते ड्रमकडे वळले. येथे एक मौजेची गोष्ट घडली. पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणात एक भाग वाजवून झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा असे थर चढवता येतात. एकच वादक चार वेळा वाजवतो आणि ऐकणाऱ्याला ते एकदम ऐकू येते. ही युक्ती त्रिलोक यांना ठाऊकच नव्हती! मुद्रिकेवर जे ऐकू येते ते सगळे एकच माणूस एकाच वेळी वाजवत असणार, असे समजून ते सगळे भाग एकदम वाजवण्याचा सराव करू लागले. इतर वादकांनी ज्याचा विचारही केला नसता ते त्यांना अज्ञानामुळे करावे लागले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

विद्यार्थ्यांनी या गोष्टीवर थोडे थांबावे. आपल्याला शहरातल्यासारखी साधने नाहीत, शिकवणारे नाहीत, हे रडगाणे आपण सतत गातो. साधनांची उणीव चांगली असे मी म्हणत नाही. परंतु ऐकलेल्या गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवून तिच्यामागे लागण्याची वृत्ती असेल, तर चुकीच्या समजुतीतूनही माणूस नव्या जागी पोहोचतो.

समुद्रापलीकडे

सत्तरच्या दशकात ते युरोपात गेले. जर्मनीतील ‘एम्ब्रियो’ या चमूबरोबर आणि ट्रंपेटवादक डॉन चेरी यांच्याबरोबर त्यांनी वाजवले. पुढे जर्मनीतले हॅम्बुर्ग हे त्यांचे राहण्याचे गाव झाले.

त्यांच्या कारकिर्दीला मोठे वळण मिळाले ते एका दुःखद घटनेने. ‘ऑरेगॉन’ या अमेरिकन चमूत कॉलिन वॉलकॉट नावाचे तालवादक होते. ते रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखाँकडे तबला शिकलेले. नोव्हेंबर १९८४ मध्ये जर्मनीत झालेल्या मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जागी पुढे त्रिलोक गुर्टू आले. आपला तबला शिकून गेलेल्या अमेरिकन माणसाची रिकामी जागा, अमेरिकेचा ड्रम शिकलेल्या मुंबईच्या माणसाने भरावी, हा योग विलक्षण खरा.

१९८८ पासून ते इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत होते. १९८९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या या त्रयीच्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध आहे. या कार्यक्रमांत मध्येच वाद्ये थांबत. मॅक्लॉफ्लिन आणि गुर्टू समोरासमोर तोंडाने बोल म्हणू लागत. दाक्षिणात्य संगीतात याला कोन्नकोल म्हणतात. आपल्या तबल्यात पढंत. एकाने बोल टाकायचे, दुसऱ्याने ते उचलून वाढवून परत करायचे. लंडनच्या श्रोत्यांना त्यातले एक अक्षर कळत नसेल, पण सवाल-जबाब कळत होता. डबलबारीत रात्र काढलेल्या आपल्या माणसाला तो पहिल्या झटक्यात कळला असता!

१९८८ मध्येच त्यांची स्वतःच्या नावाची ‘उसफ्रेत’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तीत डॉन चेरी आहेत, ऑरेगॉनचे राल्फ टाउनर आहेत आणि शोभा गुर्टूही आहेत. जगभर फिरून आलेला मुलगा आईला आपल्या नव्या मैफलीत घेऊन आला. अमेरिकेतील ‘डाउनबीट’ या जॅझच्या मासिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात ते एकाहून अधिक वेळा अग्रस्थानी आले. वाढत्या वयातही ते थांबले नाहीत. २००६ मध्ये इटलीतील तंतुवाद्यांच्या चमूबरोबर त्यांनी ‘आर्केऑलॉजी’ केली आणि २०१३ मध्ये, साठी उलटल्यावर, ट्रंपेटवादकांना मानवंदना देणारी ‘स्पेलबाउंड’ काढली.

जमिनीवरचा ड्रम आणि पाण्याची बादली

त्रिलोक यांच्या वादनातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे त्यांची बैठक. ड्रमवादक स्टुलावर बसतो. तबलजी जमिनीवर बसतो. दोन्ही वाजवायचे तर काय करायचे? त्रिलोक यांनी स्टूल काढून टाकले. ते जमिनीवर अर्धवट गुडघ्यांवर बसतात. तबला हाताशी असतो आणि ड्रम, थाळ्या सभोवती असतात. म्हणजे तबल्याला खुर्चीवर चढवण्याऐवजी त्यांनी ड्रमला बैठकीवर आणले.

त्यांच्याजवळ पाण्याची एक बादलीही असते. वाजलेली थाळी ते त्या पाण्यात बुडवतात. थाळी पाण्यात शिरताना तिचा नाद वाकतो, खाली घसरतो, थरथरतो. शंखशिंपल्यांच्या माळाही ते अशाच भिजवून वाजवतात. आपण रोज किनाऱ्यावर शिंपल्यांचा खळखळाट ऐकतो. ओहोटीचे पाणी मागे सरताना तो किती सुरेल असतो हे आपल्याला दुसऱ्याने सांगावे लागते.

एक आक्षेप

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. अशा मिश्रणाने दोन्हीकडचे पातळ होते, ना धड तबला ना धड ड्रम, असे काही जाणकार म्हणतात. आक्षेप निराधार नाही. नुसता तबला आणि गिटार शेजारी ठेवून ‘मिलाफ’ म्हणणाऱ्यांचे पीक फार आले आहे. शिवाय प्रत्येक वाटेची किंमत असते. झाकीर हुसेन (१९५१–२०२४) हेही मुंबईचेच आणि त्याच वर्षी जन्मलेले. त्यांनीही मॅक्लॉफ्लिन यांच्याबरोबर जग पालथे घातले, पण तबला हेच वाद्य ठेवले आणि घरच्या मैफलीत त्यांचे स्थान अढळ राहिले. त्रिलोक यांचे नाव बाहेर जितके झाले तितके आपल्याकडे घरोघरी पोहोचले नाही. आपल्या कणकवलीत जन्मलेले, थिरकवाँखाँसाहेबांचे शिष्य पंडित भाई गायतोंडे (१९३२–२०१९) यांनी आयुष्यभर एकाच तबल्याची सेवा केली. तीही वाट तितकीच थोर.

मग मिश्रण पातळ केव्हा होते आणि घट्ट केव्हा? माझ्या अल्प मतीप्रमाणे कसोटी एकच. वाद्य काढून घेतले तर वादकाजवळ काय उरते? त्रिलोक यांच्याकडून ड्रम, थाळ्या, बादली सगळे काढून घेतले तरी त्यांच्या तोंडी बोल उरतात. लंडनच्या त्या व्यासपीठावर त्यांनी हेच दाखवले.

समारोप

मी पखवाज शिकू लागलो तेव्हा आमच्या वाडीतल्या बुवांनी तीन महिने मला पखवाजाला हात लावू दिला नव्हता. मांडीवर टाळी देत बोल म्हणायचे, एवढेच काम. मी कंटाळून कुरकुर केली की ते म्हणत, “आधी तोंडान म्हण, मगे हात लाव. तोंडात नाय ता हातात खयसून येतला?” तेव्हा मला तो मागासलेपणा वाटला. पुढे ऑर्केस्ट्रातला ड्रम पाहिला आणि पखवाज खुंटीला लागला.

आज वाटते, बुवा मला पखवाज शिकवतच नव्हते. ते ताल शिकवत होते. पखवाज हा त्याचा एक देह, ड्रम दुसरा. देह बदलता येतो, पण आत बोल नसतील तर दोन्ही देह पोकळच. आपल्या दशावतारात आणि भजनी मंडळांत पखवाजावर बसणारी मुले ही शिदोरी घेऊन महाविद्यालयात येतात आणि दारातच ती लपवून ठेवतात. त्यांनी ड्रम जरूर शिकावा. आपल्या स्नेहसंमेलनात ड्रम जरूर वाजावा. फक्त त्याच्या शेजारी एक पखवाजही असावा आणि मध्येच दोघांनी वाद्ये थांबवून तोंडाने सवाल-जबाब करावा, एवढीच माझी सूचना आहे.

खुंटीवरचा पखवाज मी दिवाळीच्या सुट्टीत खाली काढला. शाई उडाली आहे, वाद्या सैल पडल्या आहेत. बोल मात्र अजून पाठ आहेत.